पणजोबांची डोकेदुखी

एकशेवीस वर्षांपूर्वीच्या गृहस्थाला भर सभेत उभे राहून गोळी सुचवणारा डॉक्टर मी आयुष्यात एकच पाहिला. ते गृहस्थ माझे पणजोबा. गोळी मात्र गेली दोन वर्षे मी घेतो आहे, रोज एक, आणि गुण चांगला आहे. हे कसे झाले ते सांगतो. यातले निम्मे खरे आहे. कोणते निम्मे, ते आता मलाही नीट सांगता येणार नाही.

अर्धशिशी आमच्या घराण्यात थोरल्या मुलाकडे येते, इतरांच्या घराण्यात जमीन येते तशी. मला ती बाराव्या वर्षी मिळाली. आधी डाव्या डोळ्यापुढे एक दातेरी चांदणी फिरू लागते, मग अर्धे डोके कोणीतरी वरवंट्याखाली घेते. उरलेले अर्धे शाबूत असते, आणि त्याचाच त्रास जास्त, कारण शेजाऱ्याचे काय चालले आहे ते निवांत बघत बसण्याखेरीज त्याला उद्योग नसतो. तंजावरच्या कलेक्टर कचेरीत रेकॉर्ड खात्यात मी चौतीस वर्षे अर्ध्या डोक्याने नोकरी केली. वरिष्ठांना फरक जाणवला नाही.

पासष्ट साली निवृत्त झालो आणि दुसरी पाहुणी आली. हिला नाव नव्हते. सकाळी तिण्णैवर, म्हणजे तुमच्या ओटीवर, बसावे, समोरच्या भिंतीकडे पाहावे, आणि भिंतीलाही आपला कंटाळा आला आहे असे वाटावे. दुखत काहीच नाही. भूक नाही, राग नाही, पेपर उलटा धरला तरी चालतो. बायको राजम, हिने पहिल्यांदा ओळखले. एके दिवशी कापी, म्हणजे तुमची कॉफी, पातळ झाली होती आणि मी काही न बोलता प्यालो. छत्तीस वर्षांत असे घडले नव्हते. तिने पेला उचलून आत पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

"कापी कशी होती?"

"होती."

ती आत गेली आणि तिने समोरच्या वेंकूबाईंना बोलावले. तिथून प्रकरण माझ्या हातून गेले.

वेंकूबाईंनी सुंठेचा लेप सांगितला. तो कपाळावर वाळला की कपाळ आखडते आणि माणूस सतत कोणाचा तरी अपमान करीत असल्यासारखा दिसतो. शेजारचे वैद्यनाथ अय्यर म्हणाले, मनाला संगीत हवे, आणि माझ्यासाठी त्यांनी आपला रेडिओ भिंतीच्या आणखी जवळ सरकवला. सकाळी सहा वाजता तो सुरू होई. अय्यरांचा स्वभाव इतका परोपकारी की बंद करा म्हणायची सोय नव्हती.

लेपाने भागले नाही तेव्हा वेंकूबाईंनी आवाज खाली आणला. "राजम, राग नको धरूस. गुणशीलमला नेऊन बघ की. अठ्ठेचाळीस दिवस ठेवतात. चोखोट होऊन येतात मेणे अस्के."

चोखोट म्हणजे चांगले, अस्के म्हणजे सगळे आणि मेणे म्हणजे म्हणे. ही आमची तंजावरची मराठी. पण गुणशीलम म्हणजे काय ते कोणत्याही मराठीत सांगावे लागत नाही. त्रिचीच्या पलीकडे कावेरीकाठी ते देऊळ आहे, आणि डोके फिरलेल्या माणसांना तिथे नेतात. राजमने उठून दार लावले.

दार लावायला कारण होते. आमची मुलगी वत्सला चोवीस वर्षांची झाली होती, आणि तिरुवैयारूच्या जयतीर्थरावांचा मुलगा गोपालकृष्ण याच्याशी तिचे बोलणे चालू होते. आम्ही इथले मराठी लोक मूठभर, आणि त्यात गोत्र, नाडी आणि बी.ए. या तिन्ही चाळण्यांतून उरणारी स्थळे चिमूटभर. राजवाड्याभोवतीच्या गल्ल्यांत सकाळी शिंकलेले संध्याकाळी पापनाशमला कळते. मुलीच्या बापाला मनाचे औषध चालू आहे हे कळायला संध्याकाळही लागली नसती. हे स्थळ गेले तर वत्सलेला दुसरे नव्हते, आणि मुख्य म्हणजे मुलगा तिला आवडला होता. ती तसे बोलली नव्हती. पण वीणेवर हात ठेवला की हल्ली तिची बोटे जरा लवकर धावत.

तेव्हा ठरले असे, की औषध घ्यायचे, पण ते कोणाला कळता कामा नये.

डॉक्टर कल्याणराम आमच्यातलाच. घरी मराठी बोलतो. वाचतो मात्र इंग्रजी आणि तमिळ. देवनागरी अक्षराला तो ओळखीच्या माणसाचे नाव विसरल्यावर हसावे तसा हसतो. मद्रासला शिकून आला आणि साऊथ मेन स्ट्रीटवर त्याने दवाखाना घातला. पाटीवर 'मज्जातंतू व मनोविकार' असे लिहिले तेव्हा महिनाभर कोणी फिरकले नाही. मग त्याने 'व मनोविकार' यावर पांढरा रंग मारून घेतला. लोक येऊ लागले. पण रंग पातळ होता आणि कडक उन्हात अक्षरे खालून दिसत. म्हणून मी ढगाळ दिवस पाहून गेलो.

त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि टेबलावर तीन कुप्या मांडल्या, तीन स्थळे मांडावीत तशा.

"मामा, ही पहिली. इमिप्रमीन. मन उचलते. पण कोणाकोणाचे डोके धरते. तुमच्या डोक्याला तर निमित्तच हवे आहे."

"दुसरी?"

"दुसरी गुणाची, पण तिला पथ्य फार. नाही पाळले तर रक्तदाब चढतो आणि डोके असे दुखते की अर्धशिशीची आठवण गोड वाटावी." त्याने इंग्रजी पुस्तक उघडले. "जुने चीज नको. रेड वाइन नको. खारवलेली हेरिंग मासळी नको."

मी माध्व ब्राह्मण. कांदासुद्धा आमच्या घरात मागच्या दाराने येतो. मी म्हणालो, "डॉक्टर, हे पथ्य आमचे घराणे सात पिढ्या पाळते आहे."

"आणि आंबवून टिकवलेले पदार्थ जपून, असेही लिहिले आहे."

मी विचारले, "इडली?"

त्याने पान उलटले, मग मागचे पान पाहिले. पुस्तक लंडनला छापलेले होते.

"इडलीचे लिहिले नाही."

"दोसै?"

"दोसैचेही नाही."

"उन्हाळ्यात राजमचे पीठ रात्रीतून पातेल्याबाहेर येते."

त्याने दुसरी कुपी खणात ठेवून दिली. तो म्हणाला, इंग्रजांना जे माहीत नव्हते त्यावर मी तुमचा जीव लावणार नाही. राहिली तिसरी, अमिट्रिप्टिलीन. हिने तोंड कोरडे पडते, झोप येते, पोट जड होते आणि वजन वाढते. पण परदेशातले एकदोन डॉक्टर लिहितात की हिने अर्धशिशीही कमी होते.

"मग तीच द्या की."

"घाई नको मामा. ते लेख नवे आहेत. आधी मला कळू दे, डोके दुखते मेणून मन बसते, की मन बसते मेणून डोके दुखते, की दोघांचा एकमेकांशी संबंधच नाही. दोन महिने रोज लिहून ठेवा. डोके किती, मन किती, त्या दिवशी काय घडले. मग निवडू."

आता लिहायचे कशात हा प्रश्न आला. इंग्रजी वत्सला वाचते, तमिळ राजम वाचते आणि वेंकूबाईही वाचतात, तेही न मागता. देवनागरी वत्सला अक्षर लावून वाचते, आणि लावून वाचलेले जास्त लक्षात राहते. राहिली मोडी. माझे वडील राजवाड्याच्या इस्टेटीत कारकून होते. त्यांनी मला मांडीवर बसवून मोडी शिकवली. त्यांना त्यांच्या आजोबांनी शिकवली होती, म्हणून आमचे वळण अजून शंभर वर्षांपूर्वीचे आहे. आमच्या गल्लीत मोडी वाचणारा माझ्याखेरीज कोणी उरला नाही. कुलूप असावे तर असे, की किल्ली आपल्या डोक्यात.

वडिलांच्या पेटीत जुन्या कागदपत्रांबरोबर हातकागदाचे कोरे बंद पडून होते, तेच काढले. दुकानातली शाई त्यावर पसरते, म्हणून काजळीची शाई केली. टाकाने मोडी नीट उतरत नाही, म्हणून बोरू तासला. आणि बोरू हातात आला की भाषा आपोआप दरबारी होते, याला मी काय करू? तारीख घालायची ती आमच्या रीतीने घातली: संवत्सर, मास, तिथी. त्या वर्षी संवत्सराचे नाव पराभव होते. मला ते माझ्यासाठीच ठेवल्यासारखे वाटले.

माप पाहिजे होते. डोके आणि मन दोन्ही मी पडीने मोजले. पडी म्हणजे आमच्याकडचे भाताचे माप. सरकारने किलो आणले तरी दुःख जुन्या मापानेच मोजावे लागते. त्रास थोडा तर पाव पडी, पुरता तर एक पडी, आणि असह्य तर मरक्काल, ज्यात आठ पड्या मावतात. नमुन्यादाखल: 'पराभवनाम संवत्सरे, आश्विन शुद्ध एकादशी. निर्जळ उपोषण. प्रहर दिवस चढता शिर चार पडी. शेजारी सूर्योदयापासून अखंड गायनवादन. मन दोन पडी. बाईसाहेब रुष्ट.' बाईसाहेब म्हणजे राजम. समोर असताना मी तिला असे म्हणत नाही.

आश्विन गेला, कार्तिक लागला. मधे जयतीर्थराव मंडळी मुलगी बघून गेली. मी तेही लिहिले. मोकळेपणाने लिहिले. लिहून झाले की कागद गुंडाळून, तांबड्या फडक्यात बांधून, वडिलांच्या पेटीत इतर जुन्या बस्त्यांमधे ठेवी.

जयतीर्थराव हे काय प्रकरण आहे ते इथे सांगितले पाहिजे. हे निवृत्त शिक्षक, उंच, आणि जुन्या कागदांचे अतोनात वेडे. राजवाड्याजवळ दोन खोल्यांत आमची 'मोडी संग्रह सभा' होती. ते तिचे अध्यक्ष, मी उपाध्यक्ष, आणि रघोजी नावाचा कारकून ही तिची उरलेली प्रजा. जयतीर्थराव घरोघर जाऊन मोडी कागद मागत. लोक त्यांना पाहून पेट्या उघडत. काही लोक दार लावत. त्यांना माझे मोडी अक्षर ठाऊक नव्हते. उपाध्यक्ष आणि अध्यक्ष यांचा सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत चाले.

दोन महिने भरले त्या दिवशी मी दवाखान्यात गेलो आणि कल्याणरामला विचारले, मोडीत लिहिले आहे, चालेल ना? तो म्हणाला, मामा, तुम्ही चिनीत लिहिले असते तरी मला तेवढेच कळले असते. आणा आणि वाचून दाखवा. मी घरी आलो. राजम दारातच उभी होती आणि तिचा चेहरा फुलला होता.

"येऊन गेले व्याही. निश्चय पक्का मेणाले. आणि काय मागितले सांगा पाहू? सोने नाही, भांडी नाही. मेणतात, घरात जुने मोडी कागद असतील तर तेवढे द्या."

मी छत्री ठेवली नाही, तशीच हातात धरून राहिलो. "मग?"

"दिले की. पेटीतले अस्के दिले. नुसती जागा अडली होती. किती हसले ते!"

ते कसे हसतात ते मी लिहून ठेवलेले होते.

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला मी सभेत गेलो. रघोजीने उठून नमस्कार केला आणि मी बस्ता मागितल्याबरोबर तो पुन्हा बसला.

"दफ्तरी दाखल झाला, अण्णा. क्रमांक चारशे बारा. बाहेर काढायचा तर अर्ज पाहिजे, तीन प्रतींत."

"मी उपाध्यक्ष आहे."

"मेणूनच मी उठून उभा राहिलो. अर्जात कागदाचा मजकूर थोडक्यात लिहायचा. आणि मोडी जाणणाऱ्या दोघांची सही, की मजकूर तोच आहे मेणून."

"मोडी जाणणारे दोघेच आहेत. जयतीर्थराव आणि मी."

"तुमची चालणार नाही. तुम्ही अर्जदार. तेव्हा जयतीर्थरावांनी वाचून सही केली की एक झाली. दुसरी मेळवा."

"हा असला नियम केला कोणी?"

रघोजीने खणातून नियमावली काढली आणि माझ्यापुढे उघडून धरली. खाली सही माझी होती. कलेक्टर कचेरीतली चौतीस वर्षे मी त्या नियमावलीत ओतली होती, आणि एकही कागद बाहेर जाऊ नये असा चोख बंदोबस्त केला होता. इतके बिनचूक काम माझ्या हातून दुसरे झालेले नाही. मी तिथल्या बाकावर बसलो आणि रघोजीने विचारले, अण्णा, डोके दुखते का?

चार दिवसांनी पोस्टाने छापील निमंत्रण आले. जयतीर्थरावांचे व्याख्यान. विषय: 'एका दरबारी अंमलदाराचे दुःख: इ. स. १८४६ ची अप्रकाशित रोजनिशी'. खाली बारीक अक्षरांत: 'ही रोजनिशी आमचे होणारे व्याही श्री. सीतारामराव यांच्या पणजोबांची असून...'

माझ्या डोळ्यापुढे चांदणी फिरू लागली.

चूक कशी झाली ते मला लगेच कळले, आणि खरे सांगतो, थोडे कौतुकही वाटले. संवत्सरांचा फेरा साठ वर्षांचा. पराभव संवत्सर सहासष्ट साली होते, त्याआधी एकोणीसशे सहा साली, त्याआधी अठराशे सेहेचाळीस साली. कागद जुना, शाई काजळीची, वळण शतकापूर्वीचे, शिवाय दुःख पडीने मोजलेले. मी असतो तर मीही सेहेचाळीसच धरले असते. माझे खरे पणजोबा हत्तीखान्यात चारा मोजत. त्यांना एका दिवसात अंमलदार केले गेले, आणि मला दफ्तरी दाखल.

आता जाऊन सांगावे, की ही माझी रोजनिशी, तर मुलीच्या बापाचे मन पडीपडीने मोजलेले व्याह्यांच्या हातात. न सांगावे, तर तेच भर सभेत वाचले जाणार, फक्त पणजोबांच्या नावाने. मी ठरवले, पणजोबांनी सहन करावे. त्यांना सवय असेल.

कल्याणरामला हे सांगितले तेव्हा तो बराच वेळ खिडकीकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. मग वळून गंभीरपणे म्हणाला, "मामा, रोजनिशी ऐकल्याशिवाय मी गोळी देणार नाही. सभेला येतो."

सभेला साठ माणसे होती. आमच्याकडे साठ मराठी माणसे लग्नाखेरीज जमत नाहीत. वैद्यनाथ अय्यर मराठी कळत नसताना आले होते. बायकांच्या बाजूला राजम, वत्सला आणि वेंकूबाई बसल्या होत्या. जयतीर्थराव जरीकाठी अंगवस्त्र घेऊन उभे राहिले, आणि मला पहिल्या रांगेत बसवून म्हणाले, रक्त बोलते. पाहा, नाकाचे वळण तेच असेल.

हे मात्र मला कबूल केले पाहिजे, की माणसाने अभ्यास केला होता. आश्विन महिन्याचा त्यांनी तक्ता काढला होता. ते म्हणाले, 'शेजारी अखंड गायनवादन' यावरून हे गृहस्थ दरबारी गवयांच्या आळीत राहत. वैद्यनाथ अय्यरांना कोणीतरी तमिळमध्ये अर्थ सांगितला. त्यांनी मान डोलावली. जुन्या काळी शेजार असा असे. 'बाईसाहेब रुष्ट' हे शब्द तीस दिवसांत एकोणीस वेळा येतात, म्हणून राणीवशात काहीतरी मोठे कारस्थान शिजत असावे. राजम पदराचे टोक बोटाला गुंडाळू लागली.

"आणि आता पाहा," जयतीर्थराव म्हणाले, "हा तक्ता. शिरोवेदना कधी? एकादशीस चार पडी. पुढल्या एकादशीस पाच. निर्जळ उपास, आणि ठरल्यासारखे डोके. मधे पाव पडी, अर्धी पडी, तेही गायनवादन झाले त्या दिवशी. परंतु मन निराळे चालते. मनाला तिथी नाही. या माणसाचे मन कशाने हलते? ऐका." त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "'कन्या वीणेस तारा लावीत होती. ऐकत बसलो. मन पाव पडी.' पुढे, 'कन्येचे लग्नाचे बोलणे. चांगले स्थळ. मन तीन पडी.' पुढे, 'कन्या सासरी गेल्यावर या घरात सकाळी काय ऐकावयाचे, ते कळत नाही. मन एक मरक्काल.'"

वेंकूबाईंनी डोळे पुसले. हयात माणसाला असे वाटले तर गुणशीलम; एकशेवीस वर्षांपूर्वीच्या माणसाला वाटले तर वारसा. मी बायकांच्या बाजूला पाहिले नाही. समोरच्या भिंतीकडे पाहिले. तीही माझ्याकडे पाहत होती, पण कंटाळून नव्हे.

इथे थांबले असते तर जयतीर्थराव त्या दिवशी तंजावरातले सर्वांत मोठे विद्वान ठरले असते. पण सभा डोलू लागली आणि त्यांना मोह झाला. म्हणाले, शेवटचे बंद मी अजून पाहिलेले नाहीत, वेळ मिळाला नाही. पण मोडी मी वर्तमानपत्रासारखी वाचतो, तेव्हा आपण सगळे मिळूनच पाहू. त्यांनी शेवटची गुंडाळी उलगडली. मी खुर्चीची कड धरली.

"'कार्तिक शुद्ध दशमी. वरपक्ष कन्येस पाहावयास आला. मुलगा सभ्य. वराचा पिता...' वा, आता व्याह्यांचे वर्णन येते! 'वराचा पिता उंच, आणि हसतो तो घोडा फुरफुरावा तसा.'"

जयतीर्थराव हसले. कसे हसले ते लिहिलेच होते. सभाही हसली, पण मागच्या रांगांत काही जणांनी एकमेकांना कोपर मारले.

"'मुलीस एक प्रश्न केला, मग दोन घटका जुन्या कागदांवर बोलत होता. अंबट भाजी तीनदा मागून घेतली. बोलता बोलता अंगवस्त्राचे जरीचे टोक कापीच्या पेल्यात बुडाले, ते त्यास अखेरपर्यंत कळले नाही, आणि लाजेने कोणी सांगि...'"

वाचता वाचता त्यांचा डावा हात अंगवस्त्राच्या टोकाकडे गेला. तिथे तपकिरी डाग होता. वळचणीच्या पाण्याचा असावा असे त्यांना महिनाभर वाटत आले असणार. त्यांनी डाग पाहिला. कागद पाहिला. मग मला पाहिले. माझ्या नाकाचे वळणही पाहिले असावे.

मला वत्सला दिसली. ती अगदी ताठ बसली होती. सगळे तिथेच अडकले होते: मुलगी, स्थळ, आणि त्या उंच माणसाच्या हातातला अर्धवट उलगडलेला कागद.

जयतीर्थरावांनी कागद हळूच गुंडाळला.

"पुढचा मजकूर," ते म्हणाले, "वाळवीने खाल्ला आहे."

पहिल्या रांगेतून कागद स्पष्ट दिसत होता. त्याला एक भोक नव्हते. आयुष्यात मी पुष्कळ थापा ऐकल्या आणि त्याहून जास्त मारल्या. पण इतकी अब्रूदार थाप दुसरी ऐकली नाही.

मग त्यांनी कोणाला शंका आहे का असे विचारले. कल्याणराम उठला.

"शंका नाही. मी डॉक्टर आहे मेणून बोलतो. हे गृहस्थ माझ्याकडे आले असते तर मी सांगितले असते, उपाशीपोटी तुमचे डोके दुखते, तेव्हा निर्जळ एकादशी सोडा. मन वेगळ्या कारणाने बसले आहे. अमिट्रिप्टिलीन नावाची गोळी आहे, दोन्हींना चालावी. निजण्याआधी एक, अगदी लहान मात्रेपासून. तोंड कोरडे पडेल, त्याला घाबरू नये. आणि मन बसणे हा आजार आहे, त्यात घराण्याला बट्टा काही नाही."

सभेने टाळ्या वाजवल्या. अठराशे सेहेचाळीसला बट्टा लागत नाही यावर सगळ्यांचे एकमत झाले. आभार मानायला उपाध्यक्ष या नात्याने मीच उठलो आणि डॉक्टरांच्या सूचनेबद्दल पणजोबांच्या वतीने आभार मानले.

बाहेर पायऱ्यांवर जयतीर्थरावांनी मला बाजूला घेतले. डागाचे टोक त्यांनी आत दुमडून घेतले होते.

"सीतारामराव, तुमचे पणजोबा."

"हो."

"मोकळ्या मनाचे होते मेणायचे."

"एकटे असताना," मी म्हणालो. "कोणी वाचील असे त्यांना वाटले नव्हते."

"वर्ष अठराशे सेहेचाळीसच ना? मी छापायला पाठवले आहे."

त्या प्रश्नात त्यांची चाळीस वर्षांची विद्वत्ता माझ्यापुढे हात पसरून उभी होती. आजवर ज्याने ज्याला त्याला तारखेवरून झोडले, त्याने सहा आठवड्यांपूर्वीचा कागद एकशेवीस वर्षे मागे नेला, हे एकट्या मला ठाऊक होते. माझे जे होते ते एकट्या त्यांना ठाऊक होते.

"दुसरे वर्ष असण्याचे मला काही कारण दिसत नाही," मी म्हणालो.

"चोखोट." ते दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. "लग्न संक्रांत झाली की तै महिन्यात करू. आणि वत्सलेबरोबर वीणा पाठवू नका. आमच्याकडे एक आहे. ही इथेच राहू दे. तिरुवैयारूहून बसला तास लागत नाही, शुक्रवारी येत जाईल ती." मग न वळता म्हणाले, "अंबट भाजी मी दोनदाच घेतली होती. तिसऱ्यांदा वहिनींनी आग्रह केला."

लग्न झाले. व्याख्यान छापून आले. क्रमांक चारशे बारा आता सभेत काचेखाली आहे. तो परत मिळावा म्हणून मी अर्ज केलेला नाही. त्याला दोन सह्या लागतात.

गोळीने सांगितले तसेच सगळे झाले. तोंड कोरडे पडले, पोटाने असहकार पुकारला, आणि मी तिण्णैवर बसल्या बसल्या डुलक्या घेऊ लागलो, तेव्हा वेंकूबाई म्हणाल्या, सुंठेचा गुण उशिरा येतो. पाचव्या आठवड्यात एके सकाळी कापीला पाण्याची चव होती, ती मी बोलून दाखवली. राजम दुसरी कापी करायला आत गेली, आणि आतून तिने नाक शिंकरल्याचा आवाज आला.

राहिली एकादशी. ती मी सोडणार नव्हतो. वडिलांनी सोडली नाही, आजोबांनी सोडली नाही, आणि डॉक्टरचा शब्द हे काही शास्त्र नव्हे, असे मी राजमला त्या दिवशी सकाळी बजावले. ती ऐकून घेत होती. मग तिने माझ्यापुढे पाट मांडला, पान वाढले, त्यावर वाफेचा गव्हाच्या रव्याचा उप्पुमा घातला आणि बाजूला पाण्याचे भांडे ठेवले. रोजनिशीबद्दल ती तोवर एक शब्द बोलली नव्हती.

"आज एकादशी आहे," मी म्हणालो.

"असेल. तुम्ही अठराशे सेहेचाळीसचे ना? साठ माणसांसमोर कबूल केलेत." तिने तुपाची वाटी पुढे सरकवली. "मेलेल्या माणसाला एकादशी नसते. खा."